पाण्यातल्या माणसाचे पाय

मुलांच्या चित्राला मोठ्यांनी हात लावायचा नाही, हा नियम मी जाईन तिथे सांगत असतो. वैभववाडीला एकदा शिक्षकांसमोर मी त्यावर तासभर बोललो होतो. बोलून झाल्यावर त्यांनी मला शाल आणि नारळ दिला. नारळाची चटणी झाली, शाल कपाटात आहे. आणि एका शनिवारी, माझ्या सासुरवाडीच्या शाळेच्या पडवीत, चौथीतल्या एका मुलीच्या हातातला ब्रश काढून घेऊन मीच तिच्या चित्रातल्या माणसाला पाय काढून दिले.

दोन फटकारे. वर चपलांचे पट्टेही. पोटऱ्यांपाशी तो माणूस एकदम संपत होता, ते मला बघवेना.

“बघ,” मी म्हटलं, “पाय विसरली होतीस.”

“विसरूक नाय,” ती म्हणाली. “तो पाण्यात आसा.”

पडवीत तीस पोरं होती. सगळ्यांचे ब्रश थांबले. ती मुलगी मात्र रडली नाही की रागावली नाही. कागद जवळ घेऊन तिने ते पाय नीट बघितले आणि म्हणाली, “आता तो चलतलो.”

दुपारी मेहुण्याच्या घरी जेवताना हे मी गंमत म्हणून सांगितलं. बायकोचा हात भाताच्या पातेल्यात तसाच राहिला.

“तुमच्या हातांक खाज येता काय हो?” ती म्हणाली. “तिचो बापूस दोन वर्सांमागे होडयेवरसून गेलो. होडी इली, तो इलो नाय. तेचा काय म्हणता काय गावूक नाय. चप्पलसुद्धा नाय.”

मी चपलांचे पट्टे आठवले आणि सोलकढी खाली ठेवली.

मुलीची आई म्हणजे माझ्या बायकोची नात्यातली वहिनी. ती काजूच्या कारखान्यात जाते. गळ्यात मंगळसूत्र अजून होतं. नवऱ्याचे दिवस तिने केले नव्हते. कुणी विषय काढला तर म्हणायची, “कोणी बघल्यानी काय तेका? मग?” गेलेल्याला तिथी लागते, आलेल्याला पाट लागतो, आणि ह्याला दोन्ही नव्हतं.

आता मी त्या शाळेत काय करत होतो ते सांगायला हवं, कारण घरात सगळ्यांचा असा समज आहे की मी कुठेच काही करत नाही. मी भिंती रंगवतो. सुरुवात होड्यांवर नावं लिहिण्यापासून झाली. मग दुकानांच्या पाट्या, रिक्षांच्या मागचे मोर, देवळातली दशावतारांची चित्रं. माझा एक दोष तेव्हापासूनचा आहे. मी कुणाचाही चेहरा काढला तरी तो ओळखीच्या कुणावर तरी जातो. आमच्या गावच्या देवळातला परशुराम माझ्या सासऱ्यांवर गेला आहे, परशूसकट. सासरे असेपर्यंत त्या देवळात जायला बायको कचरायची. पुढे फ्लेक्स आले आणि मी बेकार झालो. बेकार चित्रकाराला लोक कलाकार म्हणू लागतात, तसं मलाही म्हणू लागले. शाळांच्या भिंती मिळायला लागल्या. पाढे, ग्रहमाला, हात धुण्याच्या सात पायऱ्या. त्यातून कधीतरी कुणीतरी म्हणतं, तुम्हाला हवं ते काढा. तेव्हा मी पोरांना बोलावतो.

ही भिंत तशी होती. चिऱ्याची, रस्त्याकडे तोंड केलेली, खाडीच्या वाऱ्यात उभी. असल्या भिंतीला लोणा लागतो. आतून मीठ वर येतं आणि रंगाला फोड येऊन पापुद्रे सुटतात. मी महिनाभर ती खरवडली, अस्तर दिलं, आणि मग पोरांना सांगितलं: प्रत्येकाने गावातलं एक माणूस काढायचं. आधी कागदावर, मग भिंतीवर. मी फक्त रंग कालवून देणार.

त्या मुलीने बापाला भिंतीवर पायांसकट काढलं. हातात दोर, डोक्याला गुंडाळलेला टॉवेल, पायात मी दिलेल्या चपला. तोंड गावाकडे.

तिची आई एक दिवस कारखान्यातून परतताना भिंतीपाशी थांबली. मग मला म्हणाली, “भावजी, डावो खांदो खाली आसा तां तुमका कोणी सांगल्यान?”

कुणीच सांगितलं नव्हतं. मी त्या माणसाला कधी बघितलंच नव्हतं. भिंतीच्या चिऱ्याला तिथे थोडा फुगवटा होता, त्यामुळे खांदा उतरल्यासारखा दिसत होता. मी तिला फुगवटा दाखवला. तिने बोट लावून बघितलं, मान हलवली, आणि तरीही पदर डोक्यावर घेतला. त्या दिवसापासून त्या फुगवट्यावर उजेड पडला की मी दुसरीकडे बघायचो. मी भित्रा आहे असं बायको म्हणते. तिला पुरावा लागत नाही.

आणि मग देवाचा कौल झाला. त्या वर्षी गावपळण होती.

आचऱ्याच्या बाजूच्या काही गावांत ही रीत आहे. काही वर्षांनी एकदा, देवाने कौल दिला की, ठरल्या दिवशी देवळातला नगारा वाजेपर्यंत सगळा गाव घरदार सोडून वेशीबाहेर जातो. तीन दिवस, तीन रात्री. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी. कुणी हिंदू असो, ख्रिस्ती असो, मुसलमान असो. खाडीपलीकडे झावळ्यांच्या झोपड्या घालून राहायचं. चौथ्या दिवशी देवाने पुन्हा कौल दिला की परत. ते तीन दिवस गाव कुणाचा असतो हे कुणी उघड सांगत नाही. मी डोंगराच्या पायथ्याच्या गावातला, आमच्यात हे नाही. लग्नानंतरची पहिली गावपळण मला सहलीसारखी वाटली होती आणि तसं मी बोललोही होतो. तेव्हा कुणीच हसलं नव्हतं.

ह्या वेळी देवळाचे एक मानकरी, बायकोचे लांबचे काका, काठी टेकत भिंतीपाशी आले. बराच वेळ माणसं मोजल्यासारखे बघत राहिले.

“जावयबापू, ही सगळी खंय जातली?”

“ती कुठे जाणार? तुम्ही बाहेर, ती राखणीला,” मी म्हणालो. ह्या गावपळणीलाही मला अक्कल आली नव्हती.

“गावात कोणी रवाक जायना,” ते म्हणाले. “आमी कोंबडेची पिल्लां मोजून न्हेतंव. आणि तुमी तीस माणसां भिंतीर ठेवन जातलास?”

ते थट्टा करत होते की नाही हे त्यांच्या तोंडावरून कळत नव्हतं. तोडगा पोरांनीच काढला. “काका, तेंकापण न्हेवया!” आणि दोन दिवसांत भिंतीवरचा सगळा गाव निघाला. पोरांनी आपापल्या माणसाला फिरवलं, खाडीकडे तोंड करून दिलं आणि सामान दिलं. पोस्टमनच्या पिशवीतून कोंबडा डोकावू लागला. एकाने आपल्या ख्रिस्ती शेजारणीच्या डोक्यावर गादी दिली, तर ती बाई स्वतः बघायला आली आणि म्हणाली, “गादी नाका रे मेल्या, माजो मिक्सर दी.” तिला मिक्सर मिळाला. रस्त्यावरून जाणारे मोटारसायकल थांबवून फोटो काढू लागले. मी कंबरेवर हात ठेवून उभा राहायला लागलो.

फक्त एक माणूस फिरला नाही. सगळा गाव डावीकडे चाललेला, आणि तो एकटा, हातात दोर घेऊन, उजवीकडे. गावात.

“तेका फिरवया?” मी मुलीला विचारलं.

“तो घराक येता,” ती म्हणाली. “भायर कित्याक जायत?”

मानकरी पुन्हा आले तेव्हा हसत नव्हते. मला बाजूला घेऊन हळू म्हणाले, “ते तीन दिस जो गावात शिरता तो माणूस नसता, जावयबापू. तुमी तेका काय करून ठेवलास तां तुमका कळता? फिरवा तेका, नायतर पुसा. नगारो वाजायच्या आदी.”

मला कळत होतं. पुसला तर त्याला मीच बुडवल्यासारखं. फिरवला तर तो घरी यायचा राहिला. तसाच ठेवला तर गावाच्या डोळ्यांसमोर त्याचं भूत झालं. आणि ह्या सगळ्याच्या मुळाशी माझे ते दोन फटकारे. ती त्याला पाण्यात ठेवून होती, निदान तिला तो कुठे आहे हे माहीत होतं. उठवून चालायला मी लावला होता. अशा वेळी मी जे करतो तेच केलं. ब्रश धुतले. चार दिवस मी नुसते ब्रश धूत होतो.

तिकडे मुलीच्या घरात वेगळंच चाललं होतं. वहिनी एका सकाळी बायकोकडे आली आणि पायरीवर बसली.

“चेडू सांगता, मी येवचंय नाय. बापूस चलत येतलो, आणि घराक कुलूप बघून परत जायत. दोन दिस जेवूक नाय ती.”

“उचलून न्हेवया,” माझा मेहुणा आतून म्हणाला.

“उचलून न्हेशात. पण मनान ती थंयच रवतली मां?” वहिनी म्हणाली. मग माझ्याकडे न बघता, “तेका पाय नसते तर बरां होतां.”

मी घरात जाऊन पाणी प्यायलो. तहान लागली नव्हती.

निघायच्या दिवशी नगारा दिवस कलल्यावर वाजणार होता. सकाळपासून टेम्पो, रिक्षा, डोक्यावरची ओझी सगळं खाडीपलीकडे जात होतं. झोपड्या उभ्या राहत होत्या. तिसऱ्या प्रहरी मानकऱ्यांनी मला वाटेत गाठलं आणि नुसती काठी शाळेच्या दिशेने केली. मी सफेद्याचा डबा आणि ब्रश घेऊन निघालो.

गाव रिकामा झाला होता. मी रिकाम्या घरांतून पुष्कळ काम केलं आहे, पण रिकामं घर आणि रिकामा गाव ह्यांत फरक असतो. कोंबडा नाही, कुत्रा नाही, कुठल्या घराचा टीव्ही नाही, चुलीचा धूर नाही. अंगणात दोरीवर सुकत घातलेला एक परकर तेवढा कुणीतरी विसरलं होतं. मी चालायचो आणि माझ्या चपलांचा आवाज मागून यायचा, जरा उशिराने. मी थांबलो, तर तो आधी थांबला की नंतर, हे मी नीट ऐकलं नाही. ऐकायचंच नव्हतं.

भिंतीसमोर दोघी होत्या. मुलगी भिंतीला पाठ लावून बसलेली, बापाच्या पायांपाशी. आई समोर उभी.

“पुसूक इलास?” वहिनीने विचारलं.

मी डब्याकडे बघितलं. डबा लपवण्यासारखा नव्हता.

“पुसू नकात,” ती म्हणाली. “लिवा.”

“काय लिहू?”

“आमी खंय आसंव तां. फोन लागना नाय तेचो, तेच्याच खिशात होतो तो. मग सांगतलंय कसां?”

मुलीने वर बघितलं. वहिनी तिच्याशी बोलत होती, माझ्याशी नव्हे. “घरात आमी नसतलंव, तर घराक येवन तो करतलो काय? भिंतीक बघत बसतलो? आमी आसंव थंय येवंदे.”

“आणि कुलूप?” मुलगी.

“कुलूप घालूचा. तेका ठावक जावंदे आमी गेलंव म्हणान.”

मग मुलगी बाजूला सरकली. मला जागा करून दिली.

माझ्या झोळीत अक्षरांचा बारीक ब्रश होता, होड्यांच्या दिवसांपासूनचा. काळा रंग घेतला. वहिनी इतका वेळ मालवणीत बोलत होती, पण मजकूर सांगताना तिने एकदम कचेरीतली मराठी धरली, जणू अर्ज लिहून घेते आहे.

“लिहा. आम्ही खाडीपलीकडे काजूच्या बागेत आहोत. पायवाटेने येताना तिसरी झोपडी. दोघी बऱ्या आहोत.”

मी लिहिलं. त्या माणसाच्या पायांखाली, जिथे वाट असायला हवी तिथे. इतकी वर्षं होड्यांवर मी ज्या अक्षरांत नावं घातली त्याच अक्षरांत. ‘आहोत’ नंतरचं टिंब मी दोनदा दिलं, ते तसंच राहिलं.

मुलीने बोटाने ओळ वाचली. मग उठली, परकर झटकला, आणि आईच्या आधी चालायला लागली. तिकडून नगारा वाजला. आम्ही तिघं पळालो. वहिनी पळताना मागे बघत नव्हती, मुलगी बघत नव्हती. मी बघितलं. रंग ओला होता, उन्हात चमकत होता, आणि डावा खांदा खाली होता.

वेशीवर मानकरी उभे. “पुसलास मां?”

“काम झालं,” मी म्हणालो. हे खोटं नव्हतं.

तीन दिवस गावपळणीत जसे जातात तसे गेले. पोरं बिनशाळेची उंडारली, बायकांनी फुगड्या घातल्या, पुरुषांनी पत्ते कुटले, एकाच चुलीवर पाच घरांची मासळी शिजली. पण संध्याकाळी प्रत्येक जण एकदा तरी बोलता बोलता थांबून खाडीपलीकडे बघायचा. तिथे आपलीच घरं, आणि एकाही घरात दिवा नाही. मीही बघायचो. मला वाटत राहायचं की कुणीतरी आत्ता त्या भिंतीसमोर उभं आहे, आणि माझं अक्षर त्याला लागतं आहे की नाही.

चौथ्या दिवशी कौल झाला. गाव परतला. वहिनी आणि मुलगी घरी जायच्या आधी भिंतीपाशी आल्या, म्हणून मीही गेलो. काही बदललं नव्हतं. बदलेल असं मला वाटलं होतं का? हो, वाटलं होतं. वय त्रेपन्न आहे माझं.

“वाचल्यान तेनां?” मुलीने विचारलं.

“वाचल्यान,” आई म्हणाली.

“मग इलो कित्याक नाय?”

वहिनीने तिच्या केसांतला काजूचा पाला काढला. “आमी बरी आसंव तां वाचल्यान मां? येवचां आसता तर इलो असतो, बाय. तीन दिस दिले आपण तेका.” मुलगी बराच वेळ त्या चपलांकडे बघत होती. मग तिने आईचा हात धरला.

मानकरी चष्मा लावून सगळी ओळ वाचून गेले.

पुढच्या अमावास्येला वहिनी मुलीला घेऊन कुणकेश्वराच्या किनाऱ्यावर, जिथे लोक गेलेल्यांचं करतात तिथे, जाऊन आली. तिथे तिने काय केलं ते मी विचारलं नाही. परतल्यावर निरोप पाठवला: माणूस राहू दे, अक्षरं पुसा.

मी सफेदा घेऊन बसलो. खालून सुरुवात केली. ‘दोघी बऱ्या आहोत’ गेलं. ‘तिसरी झोपडी’ वर ब्रश आला आणि माझा हात तिथेच थांबला.

त्या दिवशी भिंतीपासून पळत गेलो तेव्हा आमची झोपडी उभीच नव्हती. मेहुण्याने जागा सोडून दिली होती, जावयाला हवी तिथे घालू दे म्हणून. आणि मला सावली हवी होती. दुसऱ्या झोपडीच्या आणि वहिनीच्या झोपडीच्या मध्ये एका डेरेदार काजूखाली थोडी जागा होती. तिथे मी झावळ्या उभ्या केल्या. पायवाटेने येताना पहिली, दुसरी, मग आमची. मग वहिनीची.

मी ती अक्षरं पुसून घरी गेलो. बायको अंगणात काजळलेली पातेली घासत होती. मी तिला सांगितलं. मी लिहून दिलेल्या पत्त्यावर तीन दिवस मीच झोपलो होतो.

तिने पातेलं पालथं घातलं. “माका पयल्याच दिवशी कळलां,” ती म्हणाली. “वयनीन काय लिवन घेतल्यान तां तिणांच सांगल्यान माका, आणि तुमी झोपडी खंय घातलास तां काय मी बघूक नाय? म्हणान तर तिनी दिस त्या दोघींका जेवूक आमच्याकडे बसवलंय. तुमका वाटलां माका नणंदपणाचो उमाळो इलो. आणि रोज सांजेक दारात पाण्याचो तांब्यो भरून ठेवलंय, सकाळी उठून वतलंय. आत किती उरलेलां तां मात्र मी बघूक नाय.”